नॅस पुन्हा पुन्हा नेटवर्कवरून गायब होतं: रिसेटचं बटण दाबण्याआधी आणि दाबल्यानंतर

नॅस म्हणजे घरातल्या सगळ्या यंत्रांना नेटवर्कवरून फाइली देणारा डिस्कचा डबा. खाली दिलेली लक्षणं साधारण एकाच कुळातली वाटतात, पण त्यांची कारणं वेगवेगळी आहेत. आधी आपलं लक्षण कोणतं ते ठरवा.

- लाइट जाऊन आली. नॅसचे दिवे नेहमीसारखे लागले, पंखा फिरतोय, पण लॅपटॉपवर जोडलेल्या ड्राइव्हवर लाल फुली.
- केबलवाल्याने नवा बॉक्स बसवला. वायफाय, टीव्ही, प्रिंटर सगळं चालू. फक्त नॅस कुठेच दिसत नाही.
- कधी उघडतं, कधी नाही. फाइल कॉपी होता होता तुटते आणि थोड्या वेळाने आपोआप सुरळीत होतं.
- मोबाईलवर उघडतं, लॅपटॉपवर नाही. किंवा उलट.
- ब्राउझरमध्ये लॉगिनचं पान येतं, पण विंडोजच्या एक्सप्लोररमध्ये फोल्डर दिसत नाहीत.
- शोधणाऱ्या प्रोग्रॅमला नॅस सापडतं, पण पत्ता (आयपी अॅड्रेस, म्हणजे जाळ्यातला यंत्राचा क्रमांक) १६९.२५४ ने सुरू होतो.
- घरात सगळं ठीक, बाहेरगावाहून मोबाईल अॅप जोडलं जात नाही.

यांतल्या दुसऱ्या लक्षणासाठीच रिसेटचं बटण दाबून नेटवर्क सेटिंग मूळपदावर आणण्याचा खरा उपयोग होतो. बाकीच्यांना रिसेट लागू पडलंच तर योगायोगाने. नेटवर्कच्या बाबतीत रिसेट नॅसला एवढंच सांगतं की पत्ता स्वतः धरून बसू नकोस, राउटर देईल तो घे. नॅस आधीच आपोआप पत्ता घेणारं असेल, तर बटण दाबून काही बदलणार नाही. उलट अॅडमिनचा पासवर्ड, फायरवॉलचे नियम आणि कुलूपबंद (एन्क्रिप्ट केलेल्या) फोल्डरांची व्यवस्था मात्र विस्कटेल. म्हणून बटण सगळ्यात शेवटी.

१. वायर आणि दिवे

फुकटची तपासणी आहे, आणि बऱ्याच वेळा इथेच काम संपतं. नॅसच्या मागे लॅनची वायर जिथे जाते तिथला दिवा पाहा. दिवा बंद असेल तर नॅसच्या सेटिंगला हात लावायचं कारणच नाही. दोष वायर, स्विच किंवा पोर्टमध्ये आहे. तीच वायर स्विचच्या दुसऱ्या भोकात लावा. मग दुसरी वायर लावून पाहा. दोन्हीने दिवा लागला नाही तर नॅसचा पोर्ट संशयित.

दिवा लागतो पण कॉपीचा वेग सेकंदाला ११ एमबीच्या आसपास अडकून बसतो, तर जोडणी १०० एमबीपीएसवर उतरली आहे. गिगाबिटला वायरीतल्या आठही तारा लागतात, १०० ला चारच पुरतात. म्हणजे एखादी तार टोकाच्या क्लिपमध्ये (क्रिंपमध्ये) सुटली आहे किंवा उंदराने कुरतडली आहे. स्वस्त वायरीत तांब्याचा नुसता मुलामा असलेलं अॅल्युमिनियम असतं, ते वळणावर लवकर तुटतं. नवी वायर घेताना पूर्ण तांब्याची, कॅट ६, कंपनीत तयार टोकं बसवलेली घ्या. दोन-तीन मीटरला फार पैसे पडत नाहीत.

खान्देशातली एक खास गोष्ट. उन्हाळ्यात नॅस कूलरच्या हवेत ठेवलं जातं, कारण ते तापतंय असं वाटतं. कूलरची हवा ओलसर असते, सोबत धूळही आणते. लॅनच्या पिनांवर हिरवट थर चढतो आणि मग वायर हलवली की चालू, सोडली की बंद. पिना हिरव्या दिसल्या तर नॅस बंद करून कॉन्टॅक्ट क्लीनरचा हलका फवारा मारा, वाळू द्या आणि जागा बदला.

२. क्रमाने बंद, क्रमाने चालू

सगळं एकदम बंद-चालू करण्यात अर्थ नाही, क्रम महत्त्वाचा. नॅस त्याच्या बटणाने बंद करा (बीप येईपर्यंत दाबून धरा आणि दिवे विझेपर्यंत थांबा, प्लग ओढू नका). मग स्विच, राउटर आणि फायबरचा बॉक्स बंद करा. चालू करताना उलटं: आधी फायबरचा बॉक्स, त्याचे दिवे स्थिर झाले की राउटर, मग स्विच आणि शेवटी नॅस. नॅसला पूर्ण उठायला पाच-दहा मिनिटं द्या.

याने काम झालं तर आनंद आहे, पण पुढच्या वेळी लाइट गेली की हाच खेळ परत. कारण असं: बऱ्याच स्वस्त राउटरमध्ये कोणाला कोणता पत्ता दिला याची वही तात्पुरत्या स्मृतीत असते. राउटर बंद पडला की वही पुसली जाते. घरात नॅस इन्व्हर्टरच्या लाइनीवर आणि राउटर साध्या लाइनीवर असेल, तर नॅस जुना पत्ता धरून जागं राहतं आणि कोऱ्या वहीचा राउटर तोच पत्ता एखाद्या मोबाईलला देऊन टाकतो. डीपीवर फॉल्ट झाला आणि लाइट तासाभरात चार वेळा आली-गेली, की नॅस ‘कधी चालतं कधी नाही’ होतं ते यामुळेच. पक्का इलाज शेवटी दिला आहे.

३. लॅपटॉप तरी त्याच जाळ्यात आहे का?

लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) हा आदेश द्या आणि आयपीव्ही४ पत्ता लिहून घ्या. मोबाईलवर वायफायच्या नावावर दाबलं की पत्ता दिसतो. दोघांचे पहिले तीन आकडे जुळायला हवेत. लॅपटॉप १९२.१६८.२९.१४ आणि मोबाईल १९२.१६८.०.११ असेल, तर घरात दोन जाळी आहेत. फायबरचा बॉक्स स्वतः राउटर असतो आणि त्याच्यापुढे आपला राउटर लावलेला असतो. दोघंही पत्ते वाटत बसतात. नॅस बॉक्सला जोडलेलं आणि मोबाईल आपल्या राउटरवर, असं झालं तर शोधणाऱ्या अॅपला नॅस दिसणार नाही. नॅस आणि घरातली सगळी यंत्रं आपल्या राउटरच्या मागे आणा.

गेस्ट वायफाय आणि ऑफिसचं व्हीपीएन (ऑफिसच्या जाळ्यात नेणारी खासगी जोडणी) ही आणखी दोन कारणं. गेस्ट वायफाय मुद्दामच घरातल्या यंत्रांपासून तोडलेलं असतं. व्हीपीएन चालू असताना लॅपटॉप घरात असूनही घरात नसतो.

४. नॅस सध्या कोणत्या पत्त्यावर आहे ते शोधा

हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. सिनॉलॉजी कंपनीच्या नॅससाठी सिनॉलॉजी असिस्टंट आणि क्यूनॅप कंपनीच्या नॅससाठी क्यूफाइंडर प्रो हे मोफत प्रोग्रॅम लॅपटॉपवर टाका. लॅपटॉप वायफायवर नको, वायरने त्याच स्विचला जोडा. हे प्रोग्रॅम जाळ्यातल्या प्रत्येकाला हाक मारतात, त्यामुळे नॅस जुन्या राउटरच्या पत्त्यावर अडकलं असलं तरी बहुतेक वेळा सापडतं. ब्राउझरने जे जमत नाही ते यांना जमतं ते असं. पहिल्यांदा चालवताना विंडोज फायरवॉल परवानगी विचारतं; ती नाकारली तर यादी रिकामीच राहील.

प्रोग्रॅम नसेल तर राउटरच्या पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी असते. तिथे नावावर विसंबू नका, मॅक अॅड्रेस (लॅन पोर्टचा कायमचा ओळख क्रमांक) पाहा. तो नॅसच्या मागच्या किंवा खालच्या स्टिकरवर छापलेला असतो. नॅस भिंतीला लागून असेल तर मोबाईलने स्टिकरचा फोटो काढून ठेवा, पुढे लागणार आहे.

आता तीन शक्यता.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होतो: नॅस आपोआप पत्ता मागत आहे, पण कोणी देत नाही. इथे रिसेट पूर्ण निरुपयोगी, कारण रिसेट नॅसला ज्या अवस्थेत नेणार त्याच अवस्थेत ते आधीच आहे. राउटरमध्ये डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटण्याची सोय) चालू आहे का, पत्त्यांचा साठा संपला आहे का (सीसीटीव्ही, टीव्ही, पाहुण्यांचे मोबाईल धरून घरात तीस-चाळीस यंत्रं सहज होतात आणि साठा कधी कधी तेवढाच ठेवलेला असतो), स्विचचा पोर्ट धड आहे का, एवढंच पाहायचं. मग नॅस पुन्हा चालू करा.

पहिले तीन आकडे लॅपटॉपशी जुळतात: नेटवर्क ठीक आहे. पाचव्या तपासणीकडे जा.

पहिले तीन आकडे वेगळे, आणि जुन्या राउटरचे: नॅसमध्ये पत्ता हाताने भरून ठेवलेला आहे. सातव्या तपासणीवर उडी मारा.

नॅस सापडलंच नाही आणि लॅनचा दिवा मात्र लागतोय, असं असेल तर पॉवरचा दिवा पाहा. सिनॉलॉजीचा निळा दिवा पंधरा-वीस मिनिटांनंतरही लुकलुकत असेल तर यंत्र उठलेलंच नाही, नेटवर्कचा प्रश्नच येत नाही. दोन डिस्कच्या घरगुती नॅसला बहुतेक १२ व्होल्टचा बाहेरचा अॅडॅप्टर असतो आणि व्होल्टेजच्या चढ-उताराने तो अर्धमेला होतो: दिवे लागतात, डिस्क फिरवण्याइतकी ताकद राहत नाही. त्याच व्होल्टचा आणि स्टिकरवर लिहिलेल्या किंवा त्याहून जास्त अँपिअरचा अॅडॅप्टर लावून पाहणं हा रिसेटपेक्षा शहाणा उपाय. सीसीटीव्हीचा २ अँपिअरचा अॅडॅप्टर पिन बसते म्हणून लावू नका.

५. पत्ता बरोबर, तरी उघडत नाही

ब्राउझरमध्ये पत्त्यापुढे अपूर्णविराम देऊन पोर्ट (इथे वायरीचं भोक नव्हे, सेवेचा क्रमांक) लिहिलं का? सिनॉलॉजीचं मूळ पोर्ट ५०००, सुरक्षित जोडणीसाठी ५००१, क्यूनॅपचं ८०८०. पोर्ट कधी काळी बदलून ठेवलं असेल तर ते शोधणाऱ्या प्रोग्रॅममधून ‘कनेक्ट’ दाबल्यावर आपोआप लागतं.

एकाच लॅपटॉपवरून उघडत नाही आणि बाकीच्यांवरून उघडतं, तर नॅसने त्या लॅपटॉपला अडवलं आहे का पाहा. चुकीचा पासवर्ड ठरावीक वेळा दिला की नॅस तो पत्ता काळ्या यादीत टाकतं. विंडोजमध्ये जुना पासवर्ड साठवलेला असेल तर लॅपटॉप आपणहून तो पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. तुम्ही काहीच न करता बंदी येते. दुसऱ्या यंत्रावरून आत जा, काळ्या यादीतून पत्ता काढा आणि विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधली नॅसची जुनी नोंद पुसून टाका.

पान उघडतं पण एक्सप्लोररमध्ये नॅस नाही, हा नेटवर्कचा नव्हे, फाइल शेअरिंगच्या भाषेचा घोळ. विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून जुनं एसएमबी१ (या भाषेची पहिली आवृत्ती) नव्या इन्स्टॉलेशनमध्ये येत नाही, आणि विंडोज ११ च्या २४एच२ पासून डिजिटल सही नसलेली जोडणी नाकारली जाते. पासवर्डाशिवायचं ‘गेस्ट’ फोल्डरही त्यामुळे अडतं. नॅसमध्ये एसएमबीची किमान आवृत्ती २ आणि कमाल ३ ठेवा, प्रत्येकाला पासवर्डासह खातं द्या. विंडोजमध्ये एसएमबी१ पुन्हा चालू करण्याचा सल्ला अजूनही जिकडेतिकडे मिळतो. तो ऐकू नका, तो दरवाजा बंद केला त्याला कारण आहे. एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पुढे नॅसचा पत्ता लिहून एंटर दाबलं की नावाच्या यादीत नसलेलं नॅसही उघडतं.

पिंग (यंत्र जागं आहे का हे विचारणारी हाक) जातो, पण लॉगिनचं पान अर्धवट येऊन अडकतं, किंवा छोट्या फाइली जातात आणि मोठ्या अडकतात, तर जम्बो फ्रेम (डेटा नेहमीपेक्षा मोठ्या तुकड्यांत पाठवणं) चालू आहे का बघा. नॅसमध्ये एमटीयू (तुकड्याचा आकार) ९००० केलेलं आणि मधला स्विच साधा, असं जुळत नाही. १५०० वर आणा. घरात जम्बो फ्रेमने काही मोठा फरक पडत नाही.

६. एका पत्त्यावर दोन घरं

‘कधी चालतं कधी नाही’ या लक्षणाची हमखास परीक्षा: नॅसची लॅन वायर काढा. मग लॅपटॉपवरून नॅसच्या पत्त्याला पिंग करा. उत्तर आलं तर तो पत्ता आणखी कोणाकडे तरी आहे. काही मोबाईल पिंगला उत्तर देत नाहीत, म्हणून लगेच ‘एआरपी -ए’ (arp -a) आदेश देऊन त्या पत्त्यासमोर कुठला मॅक अॅड्रेस येतो तेही पाहा. लॅपटॉपला नॅसचाच जुना मॅक आठवत असू शकतो, त्यामुळे दोन-तीन मिनिटं थांबून पुन्हा पाहिलेलं बरं. स्टिकरवरच्यापेक्षा वेगळा मॅक दिसला तर चोर सापडला. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या स्टुडिओत आणि व्यापाऱ्यांच्या पेढीत हा चोर बहुतेक सीसीटीव्हीचा डीव्हीआर (चित्रीकरण साठवणारा डबा) असतो, कारण बसवणाऱ्याने त्यालाही हाताने पत्ता दिलेला असतो आणि कुठे लिहून ठेवलेला नसतो.

७. रिसेट न करता जुन्या पत्त्यावरून सुटका

राउटर बदलल्यावर नॅस हरवलं की लोक थेट टाचणी घेऊन बटणाकडे जातात. गरज नसते. आधी एक सोपी युक्ती: नॅसला दोन लॅन पोर्ट असतील आणि दोन्ही एकत्र बांधलेले नसतील, तर वायर दुसऱ्या पोर्टात लावा. हाताने दिलेला पत्ता पहिल्या पोर्टाचा असतो. दुसरा पोर्ट कोणी छेडलेला नसेल तर अजून आपोआप पत्ता घेण्यावरच असतो. नॅस नव्या राउटरच्या यादीत येईल, आत जाऊन पहिला पोर्ट दुरुस्त करा.

एकच पोर्ट असेल तर नॅसला हलवण्याऐवजी लॅपटॉपच काही मिनिटांसाठी जुन्या जाळ्यात न्यायचा.

समजा नॅस १९२.१६८.१.१० वर अडकलं आहे आणि नवा राउटर १९२.१६८.२९ ची मालिका देतो. लॅपटॉपचं वायफाय बंद करा. लॅपटॉप आणि नॅस एकाच वायरने थेट जोडा किंवा एकाच स्विचला लावा. रन मध्ये ‘एनसीपीए डॉट सीपीएल’ (ncpa.cpl) उघडा, इथरनेटच्या प्रॉपर्टीजमध्ये आयपीव्ही४ निवडा आणि हाताने भरा: पत्ता १९२.१६८.१.५०, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. गेटवे आणि डीएनएस रिकामे सोडा. ओके करून ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१०, अपूर्णविराम, ५००० लिहा. लॉगिन आलं पाहिजे.

जुना पत्ता आठवत नसेल तर जोडलेल्या ड्राइव्हच्या नावात, मोबाईल अॅपमध्ये किंवा टीव्हीच्या मीडिया यादीत तो सापडतो. जुन्या राउटरचा पत्ता माहीत असेल तर शेवटचा आकडा तेवढा शोधायचा राहतो.

आत गेल्यावर कंट्रोल पॅनेल, नेटवर्क, नेटवर्क इंटरफेस या वाटेने जाऊन लॅनची सेटिंग बदला: पत्ता आपोआप घ्या. ‘लागू करा’ दाबताच पान लटकेल. घाबरू नका, नॅसने जुना पत्ता सोडला म्हणून ते लटकलं. नॅसची वायर राउटरला लावा आणि लॅपटॉपची आयपीव्ही४ सेटिंग ‘आपोआप’ वर परत आणा. ही शेवटची पायरी विसरली जाते, आणि मग संध्याकाळी लॅपटॉपचं इंटरनेट बंद म्हणून वेगळीच ओरड सुरू होते.

इतकं करून पासवर्ड, फायरवॉल, खाती सगळं जिथल्या तिथे राहतं.

८. आता बटण

अॅडमिनचा पासवर्ड विसरला असेल, किंवा पोर्ट एकत्र बांधणं, व्हीएलएएन (एकाच जाळ्याचे वेगळे कप्पे करणं) असले प्रयोग अर्धवट राहून आत जायची वाटच उरली नसेल, तेव्हाच हे. आधी दोन कामं. राउटरमध्ये नॅससाठी पोर्ट फॉरवर्डिंग किंवा डीएमझेड (बाहेरून थेट नॅसपर्यंत येण्याची उघडी वाट) असेल तर ते बंद करा, नाही तर रिसेटनंतर काही मिनिटं पासवर्डाशिवायचं नॅस थेट इंटरनेटवर उघडं राहील. क्यूनॅपच्या उघड्या नॅसवर जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या प्रोग्रॅमचा खंडणीचा हल्ला झाला तो अशाच दारांतून. दुसरं, कुलूपबंद फोल्डर असतील तर त्यांची किल्ली किंवा परवलीचा शब्द हातात आहे याची खात्री करा. तो नसेल तर बटणाला हात लावू नका.

सिनॉलॉजी: नॅस पूर्ण चालू असताना मागच्या बारीक भोकात टाचणीने बटण दाबून धरा. साधारण ४ सेकंदांनी एक बीप येईल. लगेच सोडा, आणि तिथून दूर व्हा. याने अॅडमिन खातं कोऱ्या पासवर्डासह मूळपदावर येतं, पत्ता-डीएनएस-गेटवे आपोआप होतात, पोर्ट ५०००/५००१ वर येतं, पीपीपीओई (नॅसमधून थेट इंटरनेटला लॉगिन), फायरवॉल आणि काळी यादी बंद होतात. फाइली जागच्या हलत नाहीत.

‘नीट झालं की नाही’ म्हणून त्यानंतर १० सेकंदांच्या आत पुन्हा ४ सेकंद दाबलं तर तीन बीप येतात. तो वेगळा आणि मोठा रिसेट आहे. ऑपरेटिंग सिस्टीम पुन्हा बसवावी लागते. फाइली राहतात, पण सगळी रचना जाते. शंका असेल तर दहा मिनिटं थांबा आणि आधी असिस्टंटमध्ये पाहा.

क्यूनॅप: ३ सेकंद, एक बीप, सोडा. एवढ्याने पासवर्ड आणि नेटवर्क मूळपदावर येतं. १० सेकंद धरलं तर दोन बीप येतात आणि खाती, गट, शेअर फोल्डरांची यादी पुसली जाते. पासवर्ड जुन्या फर्मवेअरवर ‘अॅडमिन’ हाच शब्द असतो. नंतरच्यांवर बहुतेक पहिला मॅक अॅड्रेस, मधली चिन्हं काढून आणि मोठ्या अक्षरांत. स्टिकरच्या फोटोचा हा दुसरा उपयोग.

जुन्या संगणकावर ओपनमीडियाव्हॉल्ट किंवा ट्रूनॅस (संगणकाचं नॅस करणाऱ्या सिस्टीम) चालवत असाल तर बटण नसतं. मॉनिटर आणि कीबोर्ड जोडा. ओपनमीडियाव्हॉल्टमध्ये लॉगिन करून ‘ओएमव्ही-फर्स्टएड’ (omv-firstaid) आदेश द्या आणि पहिला पर्याय, नेटवर्क इंटरफेस, निवडा. ट्रूनॅसच्या पडद्यावरच्या यादीत नेटवर्क इंटरफेसचा पर्याय वर आहे, तो वापरा. खाली ‘रिसेट कॉन्फिगरेशन टू डिफॉल्ट्स’ आहे, तो सगळी रचना पुसतो. या यंत्रांत आणखी एक गंमत: नवं कार्ड बसवलं की लॅन पोर्टचं आतलं नाव बदलतं आणि सेटिंग जुन्या नावाशी बांधलेली राहते. नेटवर्क ‘अचानक’ गेलं असेल आणि आदल्या दिवशी कार्ड बसवलं असेल, तर शोध संपला.

रिसेटनंतर लगेच: लॉगिन करून पासवर्ड द्या, आपलं खातं तपासा, मूळ ‘अॅडमिन’ खातं पुन्हा बंद करा, फायरवॉल आणि काळी यादी चालू करा, कुलूपबंद फोल्डर किल्लीने उघडा. विंडोजमधले जुने ड्राइव्ह काढून नव्याने जोडा, आणि या वेळी आकड्यांच्या पत्त्याऐवजी नॅसच्या नावाने जोडा. शेवटी कंट्रोल पॅनेलमधून सेटिंगची प्रत काढून दुसरीकडे ठेवा. त्या प्रतीत फाइली नसतात, फक्त रचना असते. बॅकअप वेगळाच घ्यायचा.

हे पुन्हा होऊ नये म्हणून

पत्ता नॅसमध्ये भरू नका, राउटरमध्ये बांधा. राउटरच्या डीएचसीपीच्या पानावर ‘अॅड्रेस रिझर्वेशन’, ‘स्टॅटिक लीज’ किंवा ‘आयपी-मॅक बाइंडिंग’ असं काही तरी असतं. तिथे नॅसचा मॅक आणि हवा तो पत्ता लिहा. नॅस आपोआप पत्ता मागेल आणि राउटर दर वेळी तोच देईल. राउटर बदलला तर नॅस गुपचूप नव्या जाळ्यात येईल.

केबल ऑपरेटरच्या बॉक्समध्ये ही सोय कधी कधी कुलपात असते, आणि वीज पडून बॉक्स जळला की ऑपरेटर वेगळ्या कंपनीचा लावून जातो. म्हणून बॉक्सच्या पुढे आपला स्वतःचा साधा गिगाबिट राउटर ठेवा आणि घरचं सगळं त्याच्या मागे घ्या. त्याची मालिका बॉक्सपेक्षा वेगळी हवी, १९२.१६८.५० ची ठेवली तर सहसा टक्कर होत नाही. मग बाहेर कितीही बॉक्स बदलोत, नॅसला त्याचा सुगावाही लागणार नाही. बाहेरून पोर्ट उघडून आत येणं या रचनेत अवघड होतं, पण ते तसंही टाळावं; नॅसच्या कंपनीची रिले सेवा (त्यांच्या सर्व्हरमार्फत जोडणारी) किंवा व्हीपीएन वापरा.

वीज. बॉक्स, राउटर, स्विच आणि नॅस हे चौघं एकाच यूपीएसवर असावेत. फक्त नॅस यूपीएसवर ठेवण्याचा तोटा दुसऱ्या तपासणीत आला आहे. दोन डिस्कचं नॅस धरून सगळ्यांचं मिळून साधारण ४० वॉट होतं, ६०० व्हीएचा छोटा यूपीएस पुरतो. यूपीएसची यूएसबी वायर नॅसला जोडा, म्हणजे बॅटरी संपायच्या आत नॅस स्वतः नीट बंद होईल. घरच्या इन्व्हर्टरवरच चालवायचं असेल तर त्याचं बटण ‘यूपीएस’ मोडवर हवं. दुसऱ्या मोडमध्ये लाइन बदलायला लागणाऱ्या क्षणभरात राउटर पुन्हा सुरू होतो. गावाकडे शेतीपंप चालू झाले की व्होल्टेज १८० च्या खाली जातं आणि यूपीएस मोडचा इन्व्हर्टर सारखा बॅटरीवर उडी मारतो, तिथे स्टॅबिलायझर आधी लागेल.

वीज पडण्याचा मार. मे-जूनच्या वादळात रावेर-यावलकडे केळीच्या बागा आडव्या होतात त्याच दिवसांत लॅन पोर्ट सर्वाधिक जळतात. कारण बहुतेक एकच: गच्चीवरून किंवा खांबावरून आलेली तांब्याची लॅन वायर. फायबर काच असते, तिच्यातून लाट येत नाही. ऑपरेटरकडून घरापर्यंत फायबरच मागा. शेजारच्या गोडाउनपर्यंत स्वतः वायर ओढली असेल तर तिथेही दोन मीडिया कन्व्हर्टर (लॅन वायर आणि फायबर जोडणारे डबे) आणि फायबर टाका. जळालेल्या नॅसपेक्षा स्वस्त पडतं. सर्ज प्रोटेक्टर अर्थिंगशिवाय शोभेचा. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. वादळाच्या आधी त्यात पाणी घाला. न्यूट्रल आणि अर्थमध्ये ५ व्होल्टपेक्षा जास्त दिसत असेल तर वायरमनला बोलवा, स्वतः उघडू नका.

ऊन. घरगुती नॅस साधारण ४० अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेलं असतं. जळगाव-भुसावळला मे महिन्यात बाहेरच पारा ४५ च्या घरात जातो, मग पत्र्याच्या खोलीचं विचारू नका. दुपारी गायब आणि रात्री हजर असं नॅस असेल तर आधी शेजारच्या प्लास्टिकच्या स्विचला हात लावून पाहा, तो नॅसच्याही आधी मान टाकतो. तळमजल्यावरची, भिंतीपासून वीतभर मोकळी जागा निवडा.

इथे थांबा आणि जाणकाराला द्या

- डिस्कमधून टकटक किंवा खरखर आवाज. ताबडतोब बंद करा. पुन्हा पुन्हा चालू करून पाहणं हाच सर्वांत मोठा धोका.
- जळका वास, किंवा वादळानंतर सगळे लॅन पोर्ट मेलेले. बोर्डाचं काम आहे.
- नॅसवर केशरी दिवा आणि ‘व्हॉल्यूम क्रॅश’ किंवा ‘डिग्रेडेड’ असा इशारा. नेटवर्क विसरा, आधी डेटा.
- रिसेटनंतर पडद्यावर ‘इनिशियलाइझ’, ‘फॉरमॅट’ किंवा डिस्क पुसली जाईल अशी सूचना. पान बंद करा, होकार देऊ नका.
- कुलूपबंद फोल्डरची किल्ली सापडत नाही.
- सातव्या तपासणीपर्यंत सगळं केलं, पत्ता सापडला नाही आणि आतल्या डेटाची दुसरी प्रत नाही.

पहिल्या तिन्हींत डिस्क काढायची वेळ आली तर प्रत्येकीवर खणाचा क्रमांक चिकटपट्टीवर लिहा, मगच काढा. विंडोजला जोडून ‘फॉरमॅट करायचं का’ या प्रश्नाला हो म्हणू नका. नॅसची डिस्क विंडोजला वाचता येत नाही म्हणून ते तसं विचारतं, डिस्क रिकामी असते म्हणून नाही. वायर, अॅडॅप्टर, क्रिंपिंग ही कामं गावातल्या कुठल्याही संगणक दुरुस्तीच्या दुकानात होतात. टकटक करणारी डिस्क तिथे उघडू देऊ नका, ती धूळमुक्त खोली असलेल्या डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेतच जायला हवी. दुकानात देताना नॅसचं मॉडेल, स्टिकरचा फोटो, कोणती बटणं किती वेळ दाबली आणि किती बीप आले हे कागदावर लिहून द्या, आणि तोंडाने स्पष्ट सांगा की मशीन चालू झालं नाही तरी चालेल, फाइली हव्यात.